नऊशे साठचा भाव

"आक्का, नऊशे साठला मिळाला बरं का. दीडशे घेतले. आता निवांत झोप."

हा आवाज कावेरीच्या कानात सतरा वर्षं पडून होता. दोन हजार सातचा डिसेंबर. धारूरच्या कापड दुकानातून सोमेश्वरनं, तिच्या धाकट्या भावानं, तिला अंबाजोगाईला फोन केला होता आणि त्याच्या बोलण्यामागं कुणाच्या तरी चोळीचं कापड टर्रकन फाडल्याचं ऐकू आलं होतं. आदल्या दिवशी तिनं आपला लहानसा प्लॉट विकून आलेले एक लाख चव्वेचाळीस हजार त्याच्या हातात ठेवले होते. तिचं शेअरचं खातं नव्हतं. भीमथडी पंप्सचे दीडशे शेअर त्यानं आपल्याच खात्यावर घेतले. कागद ना पत्र. भाऊ-बहिणीत कागद कशाला?

पुढच्या वर्षी बाजार पडला. दिवाळीच्या तोंडावर सोमेश्वर शेहेचाळीस हजार पेपरात गुंडाळून घेऊन आला आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"एवढंच राहिलं, आक्का."

"मंग आत तर ये. राहिलंय ते काय उंबऱ्यात मोजायचं का?"

चहा झाला. तिनं त्याला थट्टेत "शेटजी" म्हटलं, तोही हसला. राग आलाच नाही तिला. भाव पडतात, माणूस काय करणार.

राग आला सात वर्षांनी, तोही राग म्हणावा असा नव्हता.

कावेरी धर्मापुरीच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला कॉम्प्युटर मिळाले होते, आणि एका मधल्या सुट्टीत, पोरं खिचडीच्या रांगेत असताना, सहज म्हणून तिनं भीमथडी पंप्सचं नाव टाकून बघितलं. जुन्या भावांची एक रेघ पडद्यावर आली, नागमोडी, डोंगरवाटेसारखी. बोटानं माउस सरकवत ती मागं मागं गेली. दोन हजार सात. डिसेंबर. ती तारीख.

एकशे ब्याण्णव.

तिनं तारीख पुन्हा बघितली. आदला दिवस, नंतरचा दिवस. एकशे नव्वद. एकशे चौऱ्याण्णव. नऊशे साठ हा आकडा त्या वर्षात कुठंच नव्हता. तिनं खडूनं माखलेल्या बोटानं टेबलावरच गुणाकार केला. दीडशे गुणिले एकशे ब्याण्णव, अठ्ठावीस हजार आठशे. उरलेले एक लाख पंधरा हजार दोनशे कुठं गेले असतील, ते मांडायला फळा लागला नाही.

घंटा झाली. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि सातवीच्या वर्गावर जाऊन अपूर्णांक शिकवले. उत्तर आलं तरी ताळा करून बघा, हे ती तीस वर्षं पोरांना सांगत आली होती. त्या दिवशीसुद्धा सांगितलं. स्वतःच्या उत्तराचा ताळा मात्र तिनं केला नाही. एक आकडा बघितला, तेवढा पुरला.

नवऱ्याला तिनं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते धारूरला जाऊन विचारून आले असते, आणि विचारल्यावर सोमू काय म्हणाला असता ते तिला ऐकायचं नव्हतं. ती फक्त माहेरी जायची थांबली. पहिल्या पंचमीला पाय मुरगळला म्हणाली, दुसऱ्या पंचमीला शाळेची तपासणी. तिसऱ्या पंचमीपासून कारण सांगायचीही गरज उरली नाही. सोमू फोन करायचा. ती "हं", "बरं" एवढंच बोलायची, मग फोन वाजू द्यायची. सीताफळांच्या दिवसात धारूरहून टोपली यायची, ती तशीच शेजारी जायची. टोपली रिकामी करून परत पाठवताना पूर्वी ती तळाशी काहीतरी घालायची, लाडू, पापड, भाचीला रिबन. आता नुसती टोपली जायची.

तिची आई, अव्वा, जात्यावर म्हणायची,

भाऊ माझा दुकानदार, कापड मोजीतो गजानं
बहिणीच्या चोळीला गं, फाडितो मोकळ्या मनानं

ही ओवी पीठ मळताना कावेरीच्या तोंडी आपोआप यायची. ती यायची थांबली. कधी थांबली ते तिलाही कळलं नाही.

नवरा गेला तेव्हा सोमेश्वर आला. तेरा दिवस रोज धारूर ते अंबाजोगाई. तो दारातल्या बाकावर बसायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचा. कावेरी आतून बघायची. तिच्या आत काही हलायचं नाही. एवढं सगळं ज्यानं खाल्लं त्याला असं पाणी देता कसं येतं, एवढाच एक कोरडा प्रश्न. तेराव्याला जाताना तो म्हणाला, "आक्का, काई लागलं तर..." ती म्हणाली, "न्हाई लागत."

निवृत्त झाल्यावर लेकीनं तिच्या फोनवर शेअरचं खातं उघडून दिलं. कावेरीनं रंग बनवणाऱ्या एका कंपनीचे वीस शेअर घेतले. अकराशे पन्नासला एक. स्वतःच्या हातानं घेतले, त्याचा कागद छापून आणला आणि फाइलीला लावला. कुणाच्या तोंडच्या भावावर आता तिला जायचं नव्हतं.

यंदाच्या ऑक्टोबरात एका सकाळी तिनं फोन उघडला, तर वीसचे शंभर शेअर झाले होते. घेतल्या दिवसाचा भाव बघायला ती रेघेवर मागं गेली. तिथं दोनशे तीस लिहिलं होतं.

तिनं फाइल काढली. कागदावर अकराशे पन्नास. फोनवर दोनशे तीस. तिनं शेअरचं खातं ज्यांच्याकडं होतं त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक पोरगी बोलली, पुण्याकडची असावी.

"मॅडम, शेअरचा स्प्लिट झालाय. एकाचे पाच झाले."

"झाले असतील. पण मी घेतला तवाचा भाव कावून बदलला? तो तर होऊन गेलेला."

"रेघ तुटू नये म्हणून मॅडम. मागचे सगळे भाव पाचानं भागून दाखवतात. आजच्या शेअरच्या मापानं."

"म्हंजे जुना भाव खोटा?"

"खोटा नाही मॅडम. माप बदललं. जुन्या हिशोबात गज असायचा, आता सगळं मीटरमध्ये लिहितात ना, तसं समजा."

पलीकडून कळफलकावर बोटं वाजत होती.

"किती मागचे भाव भागतात?"

"सगळेच मॅडम. पहिल्या दिवसापासूनचे. अजून काही मदत?"

"दोन हजार सातचे बी?"

"हो मॅडम, त्यानंतर कधी स्प्लिट झाला असेल तर ते पण."

फोन ठेवल्यावर तिनं आधी गॅसवरचं दूध उतरवलं. मग बसून भीमथडी पंप्सचं नाव टाकलं. दोन हजार दहा साली दहा रुपयांचा एक शेअर तोडून दोन रुपयांचे पाच केले, अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात होती. ती ओळ त्या दिवशी शाळेतल्या पडद्यावरही असणार. बाजाराच्या साइटवर त्या तारखेचा मूळ, न भागलेला भाव मिळतो असं कळलं, तोही तिनं शोधला. नऊशे अठ्ठावन्न रुपये चाळीस पैसे हा दिवसाचा शेवटचा. दिवसातला सगळ्यात वरचा नऊशे चौसष्ट.

एकशे ब्याण्णव गुणिले पाच. तिनं कागदावर मांडलं. नऊशे साठ. ताळा जुळला.

रडू येईल म्हणून ती थोडा वेळ बसून राहिली. आलं नाही. अंग बर्फाच्या लादीशेजारी बसल्यासारखं झालं होतं. दुधावर साय धरली, ती तिनं बाजूला काढून ठेवली आणि भांडी घासायला घेतली. नऊ वर्षं. नऊ पंचम्या.

दुसऱ्या दिवशी ती आडसमार्गे एसटीनं धारूरला गेली. दुकानाची पाटी नवी होती. गल्ल्यामागं सोमेश्वर गळ्यात टेप टाकून बसला होता, केस सगळे पांढरे. गिऱ्हाईक बाईला परकराचं कापड दाखवताना त्याची नजर वर गेली आणि हात तसाच राहिला.

"आक्का?"

"हं."

त्यानं घाईनं खुर्ची पुसली. पुसलेलीच होती, तरी पुन्हा पुसली. "अगं ये महानंदा, बाहेर ये. कोण आलंय बघ."

महानंदा आतल्या दारातून डोकावली. पदर खोचलेला, हाताला पीठ. "वन्सं, घर हितंच हाय आमचं, हललं न्हवतं. तुमालाच घावत न्हवतं."

"महानंदा," सोमेश्वर म्हणाला.

"मी काय वाईट बोलले? चहा ठेवते." ती आत गेली. कप जरा जोरात वाजले.

गिऱ्हाईक बाई कापड घेऊन गेली. सोमेश्वरनं उघडलेलं ठाण गुंडाळायला घेतलं. एक गुंडाळून झालं, दुसरं घेतलं.

"मला ठावं हाय तू यायची कावून बंद झालीस," तो ठाणाकडं बघत म्हणाला. "त्या सालात लेकीची फी भरायची व्हती तुला. अन् प्लॉट न्हवता. त्या जागंवर आता तीन मजली दवाखाना झालाय. मी अंबाजोगाईला येतो ना, तवा त्या गल्लीनं जात न्हाई. मागून फिरून जातो."

कावेरी पुसलेल्या खुर्चीत बसली.

"मी बुडवलं तुझं. त्या वक्ताला तू हसलीस, मला वाटलं इसरली. पण कसं इसरल माणूस? तू रागावलीस ते बराबरच हाय. माफी मागायला तोंड न्हवतं, म्हणून सीताफळं धाडायचो." तो थांबला. "मोठी असायची का टोपलीतली? मी निवडून घालायचो."

"असायची," ती म्हणाली.

महानंदानं चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. सोमेश्वरनं बशी बहिणीकडं सरकवली. जाऊ दे सोमू, झालं ते झालं, एवढे शब्द कावेरीच्या ओठांवर तयार होते. तेवढं म्हटलं की सगळं पुन्हा सुरू झालं असतं, पंचमी, टोपल्या, फोन. नुकसान पोटात घालणारी थोरली बहीण म्हणून ती या घरात परत आली असती, आणि तो जन्मभर तिचे उपकार मानत राहिला असता. महानंदाचा चेहराही सैल पडला होता. तीसुद्धा तेच ऐकायला उभी होती.

कावेरीनं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"प्लॉटचा राग न्हवता मला," ती म्हणाली. "कधीच न्हवता."

सोमेश्वरचा हात ठाणावर थांबला. "मंग?"

"कॉम्प्युटरवर त्या दिवसाचा भाव बघितला मी. एकशे ब्याण्णव दिसला. ते आकडे नंतर भागून दाखवतात, हे मला काल कळलं. तू खरंच नऊशे साठला घेतलं व्हतंस." तिचा आवाज वर्गात उत्तर सांगावं तसा सपाट होता. "नऊ वर्षं मी तुला चोर समजत व्हते, सोमू. तुला एका शब्दानं विचारलं न्हाई."