घेवडा विशेषांक

मी एका छोट्या त्रैमासिकाचा चौथा अंक बोलतोय. दोघी मावसबहिणींनी भाड्याच्या एका खोलीत मला घडवलं. थोरली लिहायची, धाकटी चित्रं काढायची.

"सबंध अंक सुक्या घेवड्यावर? कोण वाचणार?" छापखानेवाल्यानं विचारलं.

"ज्याला भूक लागते तो," थोरली म्हणाली.

जाड खरखरीत कागद, हातानं घातलेली शिवण आणि मधल्या पानभर एकच ठिपकेदार दाणा. आम्ही चारशे भावंडं जन्मलो.

मला एका परिचारिकेनं घरी नेलं. दिसायला देखणा, म्हणून बैठकीच्या टेबलावर जागा मिळाली. पाहुणे यायचे, "वा, काय कागद आहे!" म्हणायचे आणि माझ्यावरच चहाचा कप ठेवायचे. वर्षभर कुणी आत डोकावलं नाही.

मग तिच्या सासूबाई वारल्या आणि सासरे तिच्याकडे राहायला आले. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस; आता दोन घास खाऊन ताट सारायचे. सून कामावर गेली की खिडकीशी नुसते बसून असायचे. एका दुपारी त्यांनी मला उचललं, चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचू लागले.

"चूक आहे!" ते एकदम म्हणाले. मी दचकलोच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून दारातच थबकली. शेगडीवर घेवडा रटरटत होता.

"बाबा, तुम्ही?"

"हे लिहितात, मीठ शेवटी घाला. तुझी सासू तर भिजत घालतानाच घालायची. मग साल फुटत नाही." त्यांनी पळीनं घेवडा हलवला. "शिजेपर्यंत मला हाक मारायची, जरा बसा ना इथं. मी कधी बसलो नाही गं."

सून पर्स न ठेवताच स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी त्यांनी पत्र लिहिलं: 'आपला अंक वाचला. मिठाचं चुकलं आहे.' खाली बायकोची रीत, तिच्या नावासकट.

ते पत्र पोहोचलं तेव्हा बहिणी मासिक बंद करायच्या बेतात होत्या. आठवड्यानं दोघी दारात हजर.

"आजवर सगळ्यांनी छान छान म्हटलं," थोरली म्हणाली. "करून बघितलेले तुम्ही पहिलेच."

पाचवा अंक निघाला. त्यात ती रीत होती, आणि वर ठळक अक्षरांत सासूबाईंचं नाव. ते नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं, दोनदा वाचलं. "हिला दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाले, आणि उठून उद्यासाठी दाणे निवडायला बसले.

मी हल्ली स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे असतो. पानं रश्श्यानं चिकटली आहेत, एक कोपरा जळला आहे. माझे फार दिवस राहिलेले नाहीत. वाचकांनो, आमच्यासारख्यांना जपून ठेवू नका. वाचा, करून बघा, आणि चुकलं असेल तर तसं सांगा.