सतराव्या झाडाची आंब

दिनांक ४ फेब्रुवारी २०२४, सकाळचे सहा चाळीस, हरभऱ्याची बावीस झाडे. मोठ गावाजवळच्या शेतात प्रियाने झाडांवर पसरलेली मलमलीची फडकी पिळली, पानांवरचे आंबट दव, म्हणजे आंब, बावीस चिमुकल्या बाटल्यांत भरली आणि झाशीला मामांच्या हाती देऊन ती परत शेतावर गेली. आंब जितकी जहाल, तितकी घाटेअळी दूर राहते. प्रत्येक झाड वेगळ्या संकराचे, त्याला जोड नाही. ज्याची आम्लता ०.९० नॉर्मल या मापाच्या खाली, ते त्याच दिवशी उपटायचे, म्हणजे बियाणे भेसळत नाही.

मामा, रघुनाथराव, पॉलिटेक्निकात पस्तीस वर्षे रसायनशाळा सांभाळून निवृत्त झालेले. एकवीस नमुने त्यांनी नेहमीच्या पिपेटने, म्हणजे काचेच्या मोजनळीने, मोजले. सतराव्या बाटलीत जेमतेम पाव मिलिलिटर होते, म्हणून तिच्यासाठी दशांश मिलिलिटरची बारीक पिपेट काढली. नमुन्यात थेंब थेंब अल्कली सोडली, गुलाबी छटा उमटली, आकडा आला ०.७७.

दुपारी एकला त्यांनी फोनवर निकाल सांगितले.

"मामा, सतरावर तर एकही अळी नाही. एक बार फिर देख लीजिए ना."

"आकड्याला माया नसते, प्रिये. उपट."

"अहो, पोरगी एवढी विनवतेय," मामी अनुसूयाबाई ताटे मांडता मांडता म्हणाल्या. "चार थेंबांनी तुमचं काय घोडं अडतंय?"

"उरलेला नमुना जपायचा असतो. शिस्त आहे ती."

"शिस्तीचीच भाजी करून वाढते आता!"

जेवणानंतर पिपेट धुवायला घेतली, तेव्हा टोकाशी अडकलेला थेंब त्यांना उजेडात दिसला. इवलासा, पण एवढ्याशा नळीत तो पाचवा हिस्सा होता. पिपेटच्या माथ्यावर दोन पांढऱ्या रेघा होत्या. अशी पिपेट फुंकून पूर्ण रिकामी करायची असते. मोठ्या पिपेटचा शेवटचा थेंब फुंकायचा नाही, हे त्यांनी इतक्या पिढ्यांना इतक्या वेळा बजावले होते, की रेघा समोर असूनही ओठ मिटलेलेच राहिले.

त्यांनी लगेच फोन लावला.

"प्रिये, सतरा राहू दे. चूक माझी आहे."



"मामा, तेव्हाच उपटलं. बांधावर टाकलं होतं, बकऱ्यांनी संपवलं."

"मुळं तरी..."

"नाही हो. रहने दीजिए." मग हलकेच म्हणाली, "तुम्ही जेवलात ना?"

ती एखादा शब्द लावून बोलली असती, तर त्यांना सोसले असते. ती विनवत होती तेव्हा बाटली हाताच्या अंतरावर होती आणि काम होते पाच मिनिटांचे.

आता निष्पन्न काही होणार नव्हते, तरी ते टेबलाशी बसले. उरलेली आंब बारीक पिपेटमध्ये ओढली, या खेपेस शेवटचा थेंब फुंकून सोडला आणि गुलाबी छटा येईपर्यंत मोजत राहिले. वहीतला जुना आकडा खोडला नाही. त्याखाली चूक कशी झाली ते लिहून सही केली आणि नवा आकडा मांडला.

झाड क्रमांक १७, आम्लता ०.९६ नॉर्मल.