नव्या पुलाचे थाटात उद्घाटन

बुशशर्टाची तीन बटणं लावून झाल्यावर मथळेमास्तरांनी ती एकेक करून पुन्हा काढायला सुरुवात केली.

"आता काय झालं?" बायकोनं विचारलं. ती केव्हाची तयार होऊन दारात उभी होती.

"डोकं दुखतंय."

"लेक पुलाचं वाचणार म्हणून दुखतंय ना?"

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. वर्तमानपत्रात बातम्यांना मथळे देण्यात उभी हयात गेली, म्हणून कचेरीनं ठेवलेलं हे नाव. आज त्या वर्तमानपत्राचा वर्धापनदिन होता, आणि आता तिथंच नोकरीला असलेली त्यांची लेक आपलं सदर भर सभेत वाचून दाखवणार होती. एखादा जुना मथळा घ्यायचा आणि त्यानंतर काय काय घडलं असेल याच्या थापा मारायच्या, असं ते सदर. 'पोलीस चौकीतून कुत्रा पसार' या मथळ्यावर तिनं कुत्र्याची जबानी लिहिली, तेव्हा मास्तर ठसका लागेपर्यंत हसले होते. पण दुसऱ्याच्या मथळ्यावर हसणं निराळं.

पुलाचा मथळा त्यांचा होता. समारंभ संध्याकाळी आणि अंक त्याआधीच छपाईला जाणार. अशा वेळी कार्यक्रम झालाच असं धरून मथळा लावून टाकायचा, ही तेव्हाची रीत. मास्तरांनी लावला, 'नव्या पुलाचे थाटात उद्घाटन'. नेमकी पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि उद्घाटन राहिलं ते राहिलंच. सकाळी अंक घरोघर पोचला. संपादकांनी सगळ्यांदेखत मास्तरांची अशी काही हजेरी घेतली, की तेव्हापासून घरात 'पूल' हा शब्द काढायची सोय उरली नाही. ते स्वतः त्या पुलावर कधी पाऊल ठेवत नसत. कितीही घाई असो, जुन्या रस्त्यानं वळसा घालून जायचं.

लेक चपला घालता घालता थांबली.

"गाळते मी तो, बाबा. दुसरा आहे माझ्याकडे."

"चांगला आहे का दुसरा?"

"तितका नाही."

मास्तरांनी बटणं पुन्हा लावायला घेतली. "मग गाळायचा कशाला? वाच. माझं नाव तेवढं घेऊ नकोस."

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत कचेरीतली सगळी जुनी खोडं बसली होती, आणि मथळा कुणाचा हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. मास्तर मान खाली घालून बसले.

"सकाळी पाहुण्यांनी पेपर उघडला," लेक वाचू लागली, "तेव्हा त्यांना कळलं, की काल आपण फीत कापली. त्यांनी बायकोला विचारलं, 'माझं भाषण कसं झालं गं?' ती म्हणाली, 'पेपरात तरी बरं झालंय.'"

हशा पिकला.

"तिकडे पुलावर दूधवाला आला. फीत आडवीच. तो म्हणाला, पेपरवाले कशाला खोटं बोलतील? कालची फीत कापून झाली असणार, ही कुणाची तरी चुकून राहिलीय. त्यानं ती सोडली, घडी केली आणि सायकलला बांधून निघाला. त्याच्या मागून भाजीवाले, त्यांच्या मागून अख्खी शाळा. दुपारी पाहुणे फीत कापायला आले, तर पुलावर चालायला जागा नाही. आता उद्घाटन करायचं कशाचं?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसत होता. मास्तरांनी हळूच मान वर केली. पोरीला कुठं थांबायचं ते कळत होतं, हशा ओसरू द्यायचा कधी आणि पुढचं वाक्य टाकायचं कधी, तेही. हे शिकवून येत नाही. त्यांना राहवेना, ते उठून उभेच राहिले.

"मथळा माझा," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "आणि मुलगीही माझीच."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. त्या विरतायत तोच त्यांच्या शेजारी बायको उठली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा, पण आज ती बोलली.

"एक परिणाम राहिलाय. त्या सकाळी हे कचेरीत बोलणी खात होते आणि मी रिक्षात हिच्या वेळच्या कळांनी तळमळत होते. रिक्षावाल्यानं पेपर वाचला होता, म्हणून त्यानं पुलावरून घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वळसा घालून आला असतात तर पोर हाती लागलं नसतं." तिनं पदर सावरला. "सांगणार होते. पण घरात पुलाचं नाव कोण काढणार?"

माइकसमोर लेक हातातली पानं नुसतीच खालीवर करत राहिली. मास्तरांनी आधी एका खिशात रुमाल शोधला, मग दुसऱ्या. शेवटी बायकोनं आपला दिला.

घरी जायला त्यांनी रिक्षा केली. रिक्षावाला ओळखीचाच होता.

"जुन्या रस्त्यानंच ना, मास्तर?"

मास्तर दोघींच्या मध्ये दाटीवाटीनं बसले होते. लेकीचा हात त्यांच्या हातात होता.

"पुलावरून घे."

रिक्षा वळली. बायको बाहेर बघत म्हणाली, "उद्घाटन झालंय का पण त्याचं?"

"झालंय की," मास्तर म्हणाले. "थाटात."