डबीतली मगर

त्या कागदावर अकरा सह्या होत्या आणि पहिली सही त्सेलिसोची. न्ताते (म्हणजे बाबा) मोखेथींच्या पत्त्यांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर तो महिनाभर टाचलेला होता. "शनिवारच्या स्पर्धेत अडवणुकीचे कॅट चालणार नाहीत. त्याने खेळाची मजा जाते." माझं नाव लिहायची हिंमत कुणाची झाली नव्हती. पण अख्ख्या ब्लूमफाँटेनमध्ये तसला कॅट घेऊन येणारी बाई एकच, ती मी, दिकेलेदी.

माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या कॅटचे साठ पत्ते मी माझ्या अकलेने निवडले, सगळे नियमात बसतात, मग तुमच्या पोटात का दुखतं? या पोरांना काय हवं, तर भराभर जनावरं टाकायची, समोरच्याचे वीस प्राण संपवायचे आणि दहा मिनिटांत बाहेर मग्विन्या, ते तळलेले पिठाचे गोळे, खायला मोकळं. मी तशी खेळत नाही. तुम्ही जनावर टाका, मी ते हाकलते. तुम्ही आग लावा, मी 'नाही'चा पत्ता टाकते, की आग विझली. माझ्या कॅटमध्ये मारणारं जनावर एकच, म्हातारी मगर. समोरच्याचा दम संपला की ती वर येते आणि चार पाळ्यांत काम उरकते. आम्ही मगरीच्या कुळातले, तो पत्ता मी उगाच नाही घेतला.

नोकरीही तशीच. सतरा वर्षं वाहन परवान्याच्या खिडकीवर बसते. दिवसभर तोंडात एकच वाक्य: अर्ज अपूर्ण आहे, पुन्हा या. त्सेलिसो मोबाईल विकतो, सव्वीस वर्षांचा आहे आणि जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "औसी शनिवारीसुद्धा ऑफिस उघडं ठेवते." औसी म्हणजे थोरली बहीण, पण त्याच्या तोंडी ती शिवीच वाटायची.

शेवटी न्ताते मोखेथी वैतागले. "आजच्या स्पर्धेत दिकेलेदी जिंकली तर हा कागद उतरेल," ते म्हणाले. "हरली तर पुढच्या शनिवारपासून हाच नियम. मग कुणाची कुरकुर ऐकणार नाही." आणि नशीब बघा, अंतिम सामन्यात माझ्यासमोर बसला तो त्सेलिसोच. तीन डाव, जो दोन जिंकेल त्याचा सामना. अंतिम सामन्याला घड्याळ नसतं, तेवढं माझ्या पथ्यावर.

पहिला डाव मगरीने मारला. दुसऱ्याच्या आधी मी तिला बाहेर काढलं. प्रत्येकाजवळ डबीत पंधरा जादा पत्ते असतात, दोन डावांच्या मध्ये त्यातले आलटून पालटून घालता येतात. हा फार वेगात खेळतो म्हणून मगरीच्या जागी मी झटपट आडवा येणारा भिंतीचा पत्ता घातला. तरी हरले. तिसऱ्या डावाला मगर परत आत घालायची, असं मनात पक्कं होतं.

तेवढ्यात याने हात वर केला. "न्ताते, औसी मुद्दाम वेळ काढतेय. ताकीद द्या तिला."

"मी बघतोय ना," न्ताते म्हणाले. "ती तुझ्यापेक्षा भरभर खेळते."

"मग एकदा तरी कुणाला खेळू दे म्हणावं. माणसं इथे खेळायला येतात, औसी. नकार ऐकायला तुझी खिडकी आहे."

सगळं दुकान हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुझा परवाना तीनदा परत आला, कारण तिन्ही फोटोत तुझे डोळे मिटलेले होते. आजही मिटूनच खेळ." आता सगळे त्याच्यावर हसले आणि मला गार वाटलं. त्याच तोऱ्यात मी पत्ते पिसले आणि कॅट टेबलावर आपटला.

अर्ध्या तासाने त्सेलिसोची बाजू साफ झाली होती. टेबलावर एक जनावर नाही, आणि माझ्या हातात सात पत्ते. आता फक्त मगर यायची. पाण्याची बाटली घ्यायला वळले, तर डबीच्या पारदर्शक झाकणाखालून मगर माझ्याकडे बघत होती.

लोकांचे अपूर्ण अर्ज सतरा वर्षं परत करणारी बाई, आणि तिचा स्वतःचाच अर्ज अपूर्ण. रागाने घात केला होता, दुसऱ्या कुणी नाही.

पण चेहऱ्यावर काही आणलं नाही. घोट घेतला आणि हिशेब केला. आमच्या खेळात आणखी एक मरण आहे: दर पाळीला गड्डीतून एक पत्ता उचलायचा, आणि पाळी आली तेव्हा ज्याच्या गड्डीत पत्ताच नसेल, तो हरला. माझ्या गड्डीत चौदा उरले होते, त्याच्या गड्डीत तेवीस, कारण मगर शोधायला मी आधाशासारखे जादा पत्ते उचलत आले होते. फरक नऊचा. त्याच्याकडे 'मेजवानी' नावाचा पत्ता होता, एका दमात तीन पत्ते उचलून देणारा. कॅटमध्ये तसे चार. एक मी मघाशी अडवला होता, म्हणजे उरले तीन. तीन त्रिक नऊ. आणि पाळी त्याची होती. त्याने तिन्ही मेजवान्या झोडल्या आणि मी एकही जादा पत्ता उचलला नाही, तर त्याची गड्डी माझ्या आधी संपणार होती.

चार पाळ्यांनी त्याने मेजवानी टाकली. ती अडवायची ही माझी वर्षानुवर्षांची सवय. सगळे माझ्या 'नाही'ची वाट बघत राहिले.

"हो," मी म्हटलं. "घे."

तो बघतच राहिला. "हो?"

"चालेल म्हटलं ना. उचल पत्ते."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "औसीचे नकार संपले." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दिवसभर नकार खाल्लेल्या माणसाला होकार मिळाला की तो कुठे सही करतोय ते वाचत नाही, हे मला खिडकीने शिकवलंय. दुसरी मेजवानी आली. "हो."

तिसरी मात्र येईना. तो आपल्या गड्डीकडे बघायला लागला. त्याला घाई लावायला हवी होती. त्याने एक कोल्हा टाकला. हाकलायचा पत्ता माझ्या हातात होता, पण मी तो दाबून ठेवला. कोल्हा दर पाळीला मला तीन प्राणांचा चावा घेत राहिला. बाराचे नऊ, नवाचे सहा, सहाचे तीन. पोरं टेबलाभोवती दाटली. न्ताते मोखेथींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"एक आग मिळाली की औसी खलास," कुणीतरी म्हणालं, आणि ती आग शोधायला त्सेलिसोने तिसरी मेजवानी टाकली.

"हो."

त्या तीन पत्त्यांत आग होती. त्याने ती टेबलावर आपटली.

"नाही," मी म्हटलं. तेवढं एकच 'नाही' उरलं होतं. माझ्या पाळीला कोल्हाही हाकलला.

आता खरी भीती वेगळीच होती. त्याच्या हातात दोन पत्ते कधीचे पडून होते आणि ते भाले होते, हे मी ओळखून होते. भाला जनावरावर फेका नाहीतर माणसावर, दोन प्राण जातात. माझे तीनच उरले होते आणि भाला अडवायला हातात काहीच नव्हतं. पण ते त्याने मगरीसाठी राखले होते. येईल, आता येईल, म्हणून तो दर पाळीला ते भाले घट्ट धरून बसायचा. एक एक जनावर टाकत गेला, मी एक एक हाकलत गेले. दोन्ही गड्ड्या आटत आल्या.

मग त्याची पाळी आली. त्याने पत्ता उचलायला बोटं नेली आणि ती नुसती टेबलावरच्या कापडाला लागली.

त्याने माझ्या हातात उरलेल्या एका पत्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "औसी, मगर कुठाय?"

मी डबी त्याच्याकडे सरकवली. "या डावात ती कॅटमध्ये नव्हतीच. घालायची राहिली, तुझ्यावरच्या रागात."

त्याने दोन्ही भाले उघडे करून टेबलावर ठेवले. "हे मी तिच्यासाठी ठेवले होते."

"माझ्यावर टाकले असतेस तर मी केव्हाच मेले असते."

"म्हणजे तू मला मारलंच नाहीस."

"मी कशाला मारू? मी तुला खेळू दिलं. चांगलं पोटभर. महिनाभर तेच मागत होतास ना?"

न्ताते मोखेथी तोंडावर हात ठेवून हसले. त्सेलिसो उठला, गल्ल्यामागे गेला, टाचणी उपसून तो कागद घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. "घे औसी. फाड."

मी घाई केली नाही. वरपासून खालपर्यंत कागद वाचला, अकराच्या अकरा सह्या नीट बघितल्या. मग तो तसाच त्याच्याकडे परत सरकवला.

"यावर तारीख नाही," मी म्हटलं. "अर्ज अपूर्ण आहे. पुन्हा या."