गुरुवारी आलेला निरोप

लुएला टेनीची मुलगी गेल्या मंगळवारी माझ्याकडे चहाला येऊन गेली, तेव्हापासून माझ्या घशाखाली पाव उतरत नाही. शेजारीण म्हणते, वय झालं. वय कसलं झालंय! ते होऊन दहा वर्षं झाली, आणि परवापर्यंत पाव चांगला उतरत होता.

कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून सांगते. एझ्रा, म्हणजे माझा नवरा, कॅप्टन लॉकरिज, असता तर म्हणाला असता, ‘अल्मिरा, जुनी मढी उकरू नकोस.’ पण तो जाऊन सहा वर्षं झाली, आणि मढं काही गप्प पडून राहत नाही.

एझ्रा तेव्हा फोर्ट हॅलमच्या फौजी ठाण्यावर होता. फोर्ट हॅलम म्हटलं की इकडे ओहायोतल्या लोकांना तट, बुरूज, खंदक दिसायला लागतात. कसले बुरूज! उघड्या माळावर एक कवायतीचं मैदान, त्याच्या एका अंगाला शिपायांच्या बराकी, दुसऱ्या अंगाला अधिकाऱ्यांच्या घरांची ओळ, मागे ओढ्याकाठी धोबिणींच्या झोपड्या, आणि अष्टौप्रहर वारा. त्या माळावरून आधी कुणाला उठवून आम्ही तिथे बसलो होतो, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा येत नसे. आम्हा बायकांना आपापल्या घराचीच पडलेली असायची.

आणि घर तर तिथे कुणाचंच नव्हतं. फौजेची रीतच तशी होती. वरच्या हुद्द्याचा कुणी ठाण्यावर नव्याने आला, की त्याने ओळीतून चालत जायचं आणि आपल्याहून खालच्या कुणाचंही घर आवडलं की बोट दाखवायचं. ज्याचं घर गेलं त्याने आपल्या खालच्याचं बघायचं, त्याने त्याच्या खालच्याचं. आम्ही त्याला ‘विटा पडणं’ म्हणायचो, कारण एक ढकलली की टोकापर्यंत सगळ्या पडायच्या. बळी तो कान पिळी, आणि वर रडायचीही सोय नाही. रडली तर ती फौजेतली बायको नव्हे.

मला तोवर चार वेळा उठवलं होतं. एकदा तर आठवा महिना होता, आणि कुणा मेजरच्या बायकोला माझ्या खिडकीतला उजेड आवडला. मी पोट सांभाळत ट्रंका भरल्या. कुणी ‘अगं बस’ म्हटलं नाही. तो मुलगा जगला, आता शिकागोत लोकांचे दात उपटतो. तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही, हेच मी पुढे स्वतःला शंभरदा ऐकवलं.

मी सांगतेय त्या वर्षी ऑक्टोबरात कचेरीत पत्र आलं, की मेजर स्ट्रिकलर म्हणून कुणी बायकोसकट येतायत. कर्नलसाहेबांचं घर सोडलं तर ओळीतलं चांगलं घर आमचं. ते जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. दोन वर्षं खपून मी त्या भिंतींना निळ्या फुलांचा कागद लावला होता. माझं डोकंच फिरलं. मेजरीणबाईने बोट दाखवायची वाटही न बघता मी सामान काढलं, फळ्या उतरवल्या, खुंट्या उपटल्या, आणि हो, भिंतीचा कागदसुद्धा ओला करून सोलून काढला. एझ्रा बघत राहिला. म्हणाला, त्या बाईने तुझं काय घोडं मारलंय? मी म्हटलं, मारलं नसेल तर येऊन मारेल.

आता आम्ही कुणाला उठवायचं, हा प्रश्न होता. आमच्या खाली दोन घरं होती. एक लेफ्टनंट बर्डसॉलचं. हा ब्रह्मचारी, तीन शिकारी कुत्री पाळलेली, छप्पर गळकं, आणि तंबाखूचा असा दर्प की डोळे चुरचुरावेत. दुसरं टेनीचं. वॉरन टेनी म्हणजे ठाण्यावरचा सगळ्यात धाकटा लेफ्टनंट. अक्षर मोत्यासारखं, म्हणून कर्नलसाहेबांनी त्याला कचेरीत हुकूम लिहायला बसवलं होतं. त्याची बायको लुएला. वीस वर्षांची, कुणी हाक मारली तरी दचकणारी. घर कसलं, दोन खोल्या. पण त्या पोरीने ओढ्याकाठची पांढरी माती कालवून भिंती सारवल्या होत्या, फटी चिंध्यांनी बुजवल्या होत्या, आणि पिठाच्या पोत्यांचे पडदे शिवून त्यांना लाल दोऱ्याची कड घातली होती. वारा म्हणून आत शिरत नसे. आणि तिचे दिवस अगदी भरत आले होते.

टेनीच्या खाली कुणीच नव्हतं. त्याचं घर गेलं की तंबू.

बर्डसॉल स्वतः माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, “बाईसाहेब, माझं घर घ्या. मी कुत्र्यांबरोबर तंबूत मजेत राहीन. त्यांची तक्रार नाही, माझीही नाही.”

मी नाक मुरडलं. म्हटलं, छप्पर गळतं तुमचं. एझ्राही म्हणाला की अल्मिरा, ती पोर अवघडलेली आहे. तेव्हा मी जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. म्हटलं, “मी नव्हते अवघडलेली? मला कोण विचारायला आलं होतं? आम्ही सोसलं, ती सोसेल.”

एझ्रा माझ्यापुढे कधी फार बोलत नसे. टेनीकडे सांगायला मी त्यालाच पाठवलं, स्वतः गेले नाही. तेवढी लाज तेव्हाही होती म्हणायची.

मंगळवारी त्यांनी घर रिकामं केलं. शिपायांनी सामान नेलं, पण पाळणा लुएलाने कुणाला हात लावू दिला नाही. बिस्किटांच्या खोक्यांच्या फळ्यांचा होता तो, सुताराने करून दिलेला. तो पोटापुढे धरून ती मैदानाच्या कडेने तंबूकडे गेली, मध्ये दोनदा टेकली. मी खिडकीतून बघत होते.

मग मी घरात शिरले. मला वाटलं होतं, माझ्यासारखंच तिनेही सगळं ओरबाडून नेलं असेल. फळ्या जागच्या जागी. पडदे तसेच. जमीन घासून पुसलेली. चूल पेटवून ठेवलेली, आणि टेबलावर फडक्याखाली झाकलेला ताजा पाव, अजून कोमट. माझ्यासाठी. मी तो खाल्ला. चांगला झाला होता, तेही सांगून टाकते.

गुरुवारी दुपारी मेजर आले, ते एकटेच. बायकोला छातीचं दुखणं, ती सेंट लुईसलाच राहिली, वसंतापर्यंत येणार नव्हती. त्यांनी कर्नलसाहेबांना सांगितलं की मला एकट्याला एवढं घर काय करायचंय, तुमच्याकडची एक खोली द्या, बास. तसा हुकूमही लिहून झाला, सगळ्यांना वाचून दाखवायचा होता तो सोमवारी. एझ्रा धावतच घरी आला. घर आपलं आपल्याला परत मिळालं होतं, म्हणजे आजच्या आज हललो की टेनी मंडळी दिवेलागणीच्या आत आपल्या घरात.

मी चिनी मातीची भांडी खोक्यातल्या गवतातून काढून पुसत बसले होते. दोन दिवसांत अर्धी लावून झाली होती. आणि त्या घरात मी परत जायचं, ते सोललेल्या भिंतींच्या! सगळ्या ओळीतल्या बायका बघायला येणार, बघा, लॉकरिजबाईंनी आपल्याच भिंतीची सालं काढली. मी म्हटलं, “सोमवारी बघू. तोवर कुणाला बोलू नकोस.”

एझ्रा म्हणाला, “अल्मिरा, तिला आज उद्या...”

मी म्हटलं, “पहिलटकरणीला उशीरच होतो.”

एवढंच. माझ्या दारापासून तो तंबू हाकेच्या अंतरावर होता. पाय मोडला नव्हता माझा. नुसतं जाऊन ‘ये गं’ म्हणायचं होतं.

शुक्रवारी दुपारी वारा फिरला आणि बर्फ सुरू झालं. ऑक्टोबरात इतकं पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी खिडकीशी बसून म्हणत होते, तंबूत शेगडी आहे, सुतारांनी फळ्याही टाकल्यात, काही होत नाही. शनिवारी सकाळी होनोरा दारावर धडका द्यायला लागली. होनोरा म्हणजे आमची आयरिश धोबीण. ठाण्यावर कुणीही बाळंत व्हायचं ते तिच्याच हातावर. बर्फाच्या भाराने तंबूचं आडवं लाकूड मोडलं होतं, शेगडी विझली होती, आणि लुएलाला कळा लागून बराच वेळ झाला होता.

मी दार उघडलं. चार शिपायांनी तिला घोंगडीत घालून आत आणलं, तिच्याच खोलीत, तिने सारवलेल्या भिंतींच्या आत. मागोमाग त्यांच्या ट्रंका आल्या, दोरीने करकचून बांधलेल्या. मी मनात म्हटलं, काय आळशी पोर आहे, चार दिवसांत सामानही सोडलेलं नाही.

दुपारी मुलगा झाला, पण हातपाय निळे पडलेले. होनोरा त्याला आपल्या छातीशी धरून चुलीपुढे बसली, तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून त्याच्याभोवती ठेवल्या. तो फार रडलाच नाही. रविवारी सूर्यास्ताला ठाण्यावरची रोजची तोफ झाली, त्या आवाजानेही दचकला नाही, तेव्हा होनोराने त्याचं तोंड झाकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “दोन दिवस आधी या घरात असती तर हे पोर जगलं असतं, बाई.” ती तंबूतल्या थंडीबद्दल बोलत होती. तिला गुरुवारचं काही ठाऊक नव्हतं. मला मात्र धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

आणि पुढचं ऐका. सोमवारी आम्ही आमच्या घरी परत गेलो, टेनी मंडळी त्यांच्या घरी राहिली, आणि सगळ्या ठाण्यावर झालं काय, की लॉकरिजबाईंनी बाळंतिणीसाठी घर सोडलं! कर्नलसाहेबांच्या बायकोने चारचौघींत माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला. जनाची नाही तर मनाची तरी असावी, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एझ्राही बोलला नाही, मात्र त्यानंतर चांगला महिनाभर तो माझ्या हातचा पाव ताटात तसाच ठेवून उठायचा.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. दोन वर्षांनी लुएलाचं पत्र आलं की मुलगी झाली, तिचं नाव अल्मिरा ठेवलंय, हाक मारायला अल्मी. मी ते पत्र चुलीत टाकायला निघाले होते. दर नाताळाला पत्र यायचं, अल्मीला दात आले, अल्मी शाळेत जाते. त्या दिवसांचा शब्द नाही. मला वाटायचं, बिचारीला काही ठाऊक नाही, तीही बाकीच्यांसारखीच मला देवमाणूस समजते. खाई त्याला खवखवे. मी उलट टपाली दोन ओळी लिहायचे आणि वर एक लोकरीची टोपी धाडायचे.

तर ही अल्मी परवा आली. उंच, शाळेत मास्तरीण आहे, आईसारखेच डोळे, पण दचकत नाही. सांगितलं की आई एप्रिलमध्ये गेली. तिच्या सामानात तुमच्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेलं होतं, असं म्हणून तिने पिशवीतून पिठाच्या पोत्याचा एक पडदा काढला. लाल कड विटून गुलाबी झाली होती.

तो पडदा बघितला आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं माझ्याच्याने धरवेना. म्हटलं, “पोरी, तुझ्या आईला एक गोष्ट ठाऊक नव्हती. घर मोकळं झाल्याचं मला सोमवारी कळलं नाही. गुरुवारीच कळलं होतं.”

ती चहा ढवळत होती. ढवळायची थांबली नाही.

“ठाऊक होतं तिला,” ती म्हणाली. “तो हुकूम बाबांनीच लिहिला होता ना.”

मोत्यासारखं अक्षर! मी एवढी हुशार, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात येऊ नये.

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. बाबा गुरुवारी दुपारी धावत तंबूत गेले, तसं आईने तासाभरात सामान पुन्हा बांधलं. दोन दिवस ती बांधलेल्या ट्रंकेवर बसून होती, अंगावर कोट, हातात मोजे. बाबा म्हणत होते, मी जाऊन विचारतो. आईने जाऊ दिलं नाही. कॅप्टनच्या बायकोकडे आपण घर मागायचं नसतं, ती म्हणाली, त्यांच्या हातात काम असेल, उरकून येतील त्या. बर्फ पडायला लागलं तरी तेच म्हणत होती, की आता येतीलच.

म्हटलं, “मग माझं नाव का गं ठेवलं तुला?”

“मीही विचारलं होतं आईला,” अल्मी म्हणाली. “ती म्हणाली, शेवटी दार तर उघडलं ना त्यांनी.”

तिने कप विसळून पालथा घातला, माझ्या गालाला गाल लावला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. मी दारात उभी राहिले. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी मला दार लावायचं सुचेना, घर गार पडलं.