पाच डिस्क आणि वत्सलाबाईंचा आवाज

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'सं. १' असे लिहिले आहे. सं. २ कधी आलाच नाही. आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी सतरा वर्षे एकुलता एक संगणक म्हणून काढली, आणि म्हणूनच की काय, माझा स्वभाव जरा घाबरट झाला आहे. वीज गेली की मला वाटते, आता ती येत नाही. कुणी बटण जोरात दाबले की मला वाटते, आता ते आतच अडकणार. तेव्हा गोष्ट सांगताना मी मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जुळवले गेले, ते मला धड आठवत नाही. आठवतो तो टेम्पो आणि त्यातून मला दोन्ही हातांनी उतरवून घेणारे आदिनाथ गुरुजी. तेव्हा त्यांचे केस काळे होते. मुले रांगेने आली आणि प्रत्येकाने माझ्या काचेला एकेक बोट लावून पाहिले. गुरुजी कुणावर ओरडले नाहीत. शाळा सुटल्यावर ते रुमालाने सगळे ठसे पुसत बसले. ते माझे लाडाचे दिवस होते.

आमच्याकडची माणसे दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि घराला सहा महिने कुलूप. पोरांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालते. पोरे वर्गात राहतात आणि चंद्रभागाबाई त्यांना रांधून वाढतात. पहिल्या वर्षी लहानगी पोरे आईसाठी इतकी रडली की गुरुजींनाच जेवण जाईना. मग त्यांनी एक शक्कल काढली. निघायच्या आदल्या दिवशी एकेका आईने माझ्या मायक्रोफोनपुढे बसायचे आणि पोराला जे सांगायचे ते सांगून टाकायचे. रविवारी दुपारी नंबराने प्रत्येकाला आपापल्या आईचा आवाज ऐकायला मिळायचा. कुणी लाजून तोंडाला पदर लावायची, कुणी पलीकडच्या शिवारात हाक मारावी तशी ओरडायची. नऊ वर्षांत माझ्याकडे तीनशे चौदा आयांचे आवाज जमले.

तुम्हाला सांगतो, एवढी जोखीम सांभाळायची म्हणजे खायचे काम नव्हते. पण मला मानही तसाच होता. खंडेनवमीला वस्तीवर कोयत्यांची पूजा व्हायची, तशी माझीही व्हायची. उन्हाळ्यात मी फार तापायचो म्हणून गुरुजींनी माझ्या कुशीचा पत्रा काढूनच ठेवला होता. चंद्रभागाबाई वरून हळदकुंकू वाहायच्या आणि मग उघड्या कुशीतून हात घालून आतही बोटे टेकवायच्या. "जीव आत ऱ्हातोय, मग कुकू वरवर कावून लावायचं?" असे त्यांचे म्हणणे. मी फुलून जायचो.

त्या तीनशे चौदांत वत्सलाबाईंचा आवाज होता. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्या बोलत असताना बाहेर ट्रॅक्टरने दोनदा हॉर्न दिला आणि त्या "आले, आले" म्हणाल्या, तेही माझ्यात उतरले. त्यांची वैष्णवी तेव्हा नऊ वर्षांची होती. जानेवारीत उसाची ट्रॉली उलटली, आणि वत्सलाबाई परत आल्या नाहीत.

बातमी आली तेव्हा वैष्णवी रडली नाही. चंद्रभागाबाईंनी तिला पोटाशी धरले आणि म्हणाल्या, "रड की गं पोरी, मोकळी हो."

"आईनं सांगितलंय, रडायचं न्हाई," ती म्हणाली.

त्यानंतर रविवारचा तिचा नंबर आला की ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. मी तिला बोलवू शकत नव्हतो. पुढे वस्तीवर मोबाइल आले, आया उसाच्या फडातूनच फोन करू लागल्या आणि माझ्यापुढची रांग संपली. माझे स्पीकर सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला गेले ते गेलेच. एका वळवाच्या दिवशी वीज पडली आणि माझे पेन ड्राइव्ह लावायचे पोर्ट, नेटवर्कचे पोर्ट, सगळे जळाले. माझ्या डोक्यावर जुन्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा आला. बारा वर्षे तो आवाज मी धरून बसलो आणि कुणी मागितला नाही.

मग या वर्षी पत्र आले. तालुक्यातल्या शाळांमधली जुनी यंत्रे निर्लेखित करायची, म्हणजे दप्तरातून आमचे नाव खोडायचे आणि आम्हाला भंगारात द्यायचे. मंगळवारी दुपारी चारला बीडहून गाडी येणार होती. गुरुजींनी बीडला नर्सिंग शिकणाऱ्या वैष्णवीला फोन केला, आणि सोमवारी सकाळच्या एसटीने ती हजर झाली. उंच झाली होती. माझ्या काचेला तिने पूर्वीसारखे एक बोट लावले.

बाहेर जायला माझ्याकडे आता एकच वाट उरली होती, ती म्हणजे डीव्हीडी लिहायचा कप्पा. गुरुजींनी आष्टीहून डिस्क आणल्या होत्या. नुसता एक आवाज काढून घेणे सोपे होते, पण गुरुजी ऐकेनात.

"कुणाची आई ठेवायची आन कुणाची टाकायची? सगळ्याच घेऊ," ते म्हणाले.

म्हणून माझ्या सगळ्या साठ्याची एकच मोठी इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, करायची आणि ती पाच डिस्कवर वाटायची असे ठरले. यात एक अडचण असते, मित्रांनो. पाचही डिस्क एकमेकींना धरून असतात. त्यातली एक बिघडली की सगळी प्रत वाया जाते. म्हणून प्रत्येक डिस्क लिहून झाली की मी ती पुन्हा वाचतो आणि मुळाशी ताडून पाहतो.

पहिली डिस्क जुळली. दुसरी जुळली. तिसरी अर्ध्याच्या पुढे गेली आणि माझ्या काचेवर लाल अक्षरे उमटली: तपासणी अयशस्वी.

"डिस्क खराब निघाली," गुरुजी म्हणाले. नवी घातली, ती सुरुवातीलाच अडली. चंद्रभागाबाईंनी तिसरी डिस्क घेऊन पदराने गोल गोल पुसली.

"मावशी, गोल न्हाई! मधून कडेला, सरळ पुसायचं असतं," वैष्णवी ओरडली.

सरळ पुसूनही डिस्क जुळली नाही. त्यांनी लिहिण्याचा वेग कमी केला. डिस्क बदलल्या, दुसऱ्या कंपनीच्या घातल्या. आता चौथी जुळायची आणि दुसरी फसायची. सकाळी जुळलेली पहिली डिस्क संध्याकाळी पुन्हा तपासली तर तीही लाल. टेबलावर अकरा डिस्कचा ढीग झाला आणि गुरुजी एकेक उचलून उजेडाला धरून बघत राहिले. 

मी मात्र आतून चरकलो होतो. डिस्क कोऱ्या करकरीत होत्या, त्यांचा काय दोष? दोष माझ्यात होता. एकच ओळ मी दोनदा वाचायचो आणि दोन्ही वेळा ती मला वेगळी दिसायची. मी विसरायला लागलो होतो आणि मला ते सांगता येत नव्हते. वत्सलाबाईंचा आवाज मी मोडून बाहेर दिला तर? आणि तो मोडलेला आहे हे कुणाला कळलेच नाही तर? एवढी भीती मला वीज पडली तेव्हाही वाटली नव्हती.

शेवटी गुरुजींनी आष्टीच्या अंगदला फोन लावला. तो संगणक दुरुस्त करतो आणि एकेकाळी याच शाळेत माझ्यावर चित्रे काढायला शिकला. गुरुजींनी सगळी कर्मकहाणी सांगितली. माझी मुख्य डिस्क, म्हणजे सगळे आवाज साठवलेली हार्ड डिस्क, काढून दुसऱ्या संगणकाला लावावी का, असेही विचारले.

"नका सर, लई जुनी हाय ती. एकदा थांबली तर पुन्हा फिरायची न्हाई," अंगद म्हणाला. "एक करा. डीव्हीडी घालूच नका. आतल्या आत ती इमेज तपासा. झाली की पुन्हा एकदा तपासा."

त्यांनी तपासली. बरोबर. पुन्हा तपासली. अयशस्वी.

"फाईल तीच, हात कुणी लावला न्हाई, आन उत्तर दोन?" अंगद म्हणाला. "सर, मग डिस्क कावून फेकताय? याची मेमरी गेलीय. सकाळी येतो मी."

मित्रांनो, मेमरी म्हणजे आवाज साठवायची कोठी नव्हे. ती माझी पाटी आहे. कोठीतले वाचायचे, पाटीवर क्षणभर लिहायचे आणि पुढे द्यायचे. कोठी शाबूत होती, पाटीवरची अक्षरे फिरत होती. हे ऐकून वैष्णवीच्या जिवात जीव आला, पण माझ्या नाही. पाटी फुटलेलीच निघाली तर इतक्या जुन्या बनावटीची दुसरी कुठून आणणार?

मंगळवारी नऊ वाजता अंगद आला. त्याने टॉर्च घेऊन माझ्या कुशीत डोकावून पाहिले. मग हलक्या हाताने मेमरीची हिरवी पट्टी उपसून सगळ्यांना दाखवली. तिच्या सोनेरी दातांवर पिवळे-लाल किटण बसले होते.

"हे काय हाय बे?" तो स्वतःशीच म्हणाला. वास घेतला. "हळद!"

चंद्रभागाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. "मीच लावलं रं बाबा. दर वर्साला. लेकरांच्या आया हैत आत, म्हणून लावलं. म्या मारलं व्हय याला?"

त्यांचा चेहरा बघवेना. मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, तुमच्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. अंगदने त्यांना खाली बसवले.

"मावशी, मेलं न्हाई काही. खोडरबर हाय का कुणाकडं?"

शाळेत खोडरबरांना काय तोटा? अंगदने सोनेरी दात एका दिशेने हलके हलके घासले, ब्रशने खाच झाडली, पट्टी बसवली आणि बटण दाबले. मी एक लांबलचक शिटी दिली आणि गप्प झालो. काच काळीच राहिली. वैष्णवीने डोळे मिटून घेतले. अंगदने पट्टी पुन्हा काढली, पुन्हा घासली, अंगठ्याने दाबून नीट बसवली. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन लागल्या. या वेळी काच उजळली.

आधीची इमेज बिघडलेल्या पाटीवरून झाली होती, म्हणून अंगदने ती टाकून द्यायला लावली. सगळे पहिल्यापासून. नवी इमेज आतल्या आत तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले. मग डिस्क. पहिली जुळली. दुसरी जुळली. तिसरी अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा सगळे माझ्या काचेवर वाकले. तीही जुळली. पाचवी जुळल्याची हिरवी अक्षरे उमटली तेव्हा घड्याळात सव्वातीन वाजले होते.

"तरी मी ऐकून बघणार," वैष्णवी म्हणाली. "मला पाठ हाय सगळं. चूक असंल तर मला कळंल."

अंगदने स्वतःच्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पा जोडला आणि पाचही डिस्क घालून तो एक आवाज बाहेर काढला. बारा वर्षांनी वत्सलाबाई बोलल्या.

"वैष्णवे, मी आई बोलती. केस रोज इंचर. लाल रिबीन पेटीत हाय. कुणाला तरास देऊ नको." वैष्णवीचे ओठ बरोबरीने हलत होते. हॉर्न वाजला. "आले, आले!" तेही तिने म्हटले. मग तिचे ओठ "रडायचं न्हाई" म्हणाले. आवाज मात्र वेगळेच बोलत होता.

"आठवण आली तर रड गं. आमी बी हितं रडू. पण रडून झालं की जेव."

वैष्णवी ताठ झाली. "हे न्हाई. हे चुकलंय. पुन्हा बिघडलं बघा, सर."

मला वाटले, झाले, मी पुन्हा विसरलो. अंगदने पुन्हा लावले, पुन्हा तेच. तो हळूच म्हणाला, "ताई, बिघडलं की आवाज तुटतो, खरखरतो. नवं वाक्य कुठून आणंल तो?"

तेव्हा मला उमगले. माझी तपासणी व्हायची, तिच्या आठवणीची कधी झालीच नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीने शहाण्यासारखे वागायचे ठरवले आणि आईच्या नावावर एक वाक्य घातले. बारा वर्षे ती तेच पाळत आली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मला उचलून ट्रकमध्ये ठेवले. चंद्रभागाबाई हळदीची वाटी घेऊन धावत आल्या आणि अंगदकडे बघून म्हणाल्या, "हितं वरच्या पत्र्यावर चालतंय का?" त्याने मान डोलावली, आणि त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवले.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्या माणसांचा आवाज कुठेतरी जपलेला आहे असे समजून निवांत बसू नका. तो अधूनमधून लावून ऐका, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरीही ठेवा. काही बिघडले तर समोर दिसेल त्यालाच दोष देऊ नका. आणि आमच्यावर माया करा, पण वरूनच करा.

गाडी फाटकातून वळताना मला वर्ग दिसला. वैष्णवी टेबलावर डोके टेकून हुंदके देत होती, लहानपणी द्यायला हवे होते तसे. कुणी तिला गप्प करत नव्हते. चंद्रभागाबाई आत गेल्या, ताटात भाकरी वाढून तिच्याजवळ ठेवली आणि तिचे रडून व्हायची वाट बघत बाजूला बसल्या.