सोन्याच्या पाण्याची परीक्षा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर लाल पाण्याच्या अंगठ्याएवढ्या कुप्या आणि त्यांच्यामागे सोनेबाबा.

"यात अस्सल सोनं आहे! बोट बुडवा, अंगात विष असेल तर पाणी निळं होतं. सोनं खोटं बोलत नाही!"

सोनं बोलतच नव्हतं, बोलत होते ते बाबाच. पण हे त्या गर्दीला सांगणार कोण?

धाकटी मागच्या रांगेत ताईशेजारी धुमसत बसली होती. असलं लाल पाणी बनवणं हे प्रयोगशाळेतलं तिचं रोजचं काम. ताईला मधुमेह. बाबांच्या सहा बैठकांत निळं झालेलं ताईचं पाणी सातव्या बैठकीत लालच राहिलं, बाबांनी तिला बरी ठरवलं, आणि चार दिवसांपूर्वी तिनं इन्सुलिन बंद केलं. आता ओठ कोरडे पडलेले, तहान भागत नव्हती.

"ताई, आधी डॉक्टरकडे चल गं."

"आधी तू बोट बुडव. मग म्हणशील तिथं येते."

धाकटी वर गेली. "नवीन का?" टकल्या चेल्यानं विचारलं आणि पाण्याच्या हिरव्या आणि पांढऱ्या अशा दोन जगांपैकी हिरवा उचलून हात धुवायला तिच्या हातांवर पाणी ओतलं. तिनं ओलं बोट कुपीत बुडवलं. लाल पाणी बघता बघता निळं झालं. सभागृह हळहळलं.

"पोरी, रक्तात विष भिनलंय!"

तिला नोकरीचा पहिला महिना आठवला. मिठाच्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यात तिनं असंच लाल पाणी ओतलं होतं, ते निळं झालं होतं आणि तिनं मॅडमची बोलणी खाल्ली होती. तिनं दुसरं बोट चाटलं. खारट!

"ताई, वर ये." मग ती चेल्याकडे वळली. "हिला याच हिरव्या जगातलं पाणी द्या."

चेल्यानं जग मागे ओढला. "त्या बऱ्या झाल्यात!"

"मग घाबरता कशाला?"

"द्या की!" गर्दीतून आवाज आला. चेल्याचा नाइलाज झाला. ताईनं हात धुऊन बोट बुडवलं. पाणी निळं! मग धाकटीनं पांढऱ्या जगातल्या पाण्यानं स्वतःचे हात खसखसून धुतले आणि नव्या कुपीत बोट घातलं. पाणी लालच राहिलं.

"सोन्याचे हे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. सुटे असले की लाल, मिठानं एकमेकांना चिकटले की निळे. आम्ही यावरच रोग ओळखायच्या चाचण्या करतो. पण आधी कणांवर त्या रोगाचाच पदार्थ पकडणारा थर चढवतो आणि निरोगी माणसांवरही शंभरदा तपासतो. यांनी नुसतं हिरव्या जगात मीठ घातलंय, आणि ज्याला बरं झालेलं दाखवायचं त्याला पांढऱ्यातलं साधं पाणी."

"तुमची श्रद्धा कमी पडली!" बाबा ओरडले.

"श्रद्धा कमी पडली, की मीठ जास्त?" कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

ताई हसली नाही. "मी सातही वेळा नमस्कार केला गं," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. धाकटीनं तिला तशीच दवाखान्यात नेलं. साखर पाचशेच्या वर होती. "आणखी एक दिवस गेला असता, तर बेशुद्धच आणली असती," डॉक्टर म्हणाले.

सोनं खरं होतं, रंगही खरा होता. खोटा होता तो अर्थ. म्हणून चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी ते हात कशानं धुतलेत, एवढं विचारा.